जळगावच्या पाण्यावर अनंत : दोन रोपं गेली, तिसरं फुललं

“ताई, अनंत इकडे येत नाही. मोगरा न्या, जास्वंद न्या.” हे वाक्य मी जळगावात तीन नर्सऱ्यांमध्ये ऐकलं. आज ६ जुलै २०२५. मागच्या दारी कुंडीत अनंताचं झाड कमरेइतकं झालंय आणि या मोसमातलं बावीसावं फूल सकाळी उमललं. इथपर्यंत यायला मला चार वर्षं लागली. त्यातली पहिली दोन मी नुसती चुकीच्या दिशेने पळण्यात घालवली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कुणी हे झाड लावून हताश झालं असेल, तर त्यांच्यासाठी सगळं तारीखवार लिहिते आहे. तारखा आणि खर्च माझ्या वहीतून घेतले आहेत.

पहिलं रोप १८ जुलै २०२१ ला आणलं. रस्त्याच्या कडेला ट्रकमधून रोपं उतरवून विकणारे येतात ना, त्यांच्याकडून, १२० रुपयांना. हिरवीगार चकचकीत पानं आणि पाच कळ्या. विकणारा मुलगा त्याला ‘गार्डेनिया’ म्हणत होता. हे नाव बागेवरून पडलं असेल असं मला वाटायचं, पण ते अठराव्या शतकातल्या अलेक्झांडर गार्डन नावाच्या डॉक्टरांवरून दिलेलं आहे. झाड मूळचं चीन-जपानकडचं, दमट हवेतलं आणि आम्लधर्मी मातीतलं. ही एवढी माहिती तेव्हा असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

मी ते अंगणात, थेट काळ्या मातीत लावलं. आमच्याकडची जमीन म्हणजे कापसाची भारी काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पाणी धरून बसते. आठवड्याभरात पाचही कळ्या न उमलता गळाल्या. सप्टेंबरच्या झडीत बुंध्याभोवती दोन दिवस पाणी साचलं. त्यानंतर पानं मलूल झाली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून मी आणखी घातलं. दिवाळीच्या आत झाड गेलं. उपटून पाहिलं तर मुळं काळी पडली होती आणि बोटाने ओढली की साल सुटून हातात येत होती.

दुसरं रोप १२ फेब्रुवारी २०२२ चं, १८० रुपयांचं. या वेळी मनाशी ठरवलं, जमिनीत नाही, कुंडीत लावायचं. घरात सिमेंटची मोठी जुनी कुंडी होती, तिच्यात लावलं. माती तीच अंगणातली, वर दोन घमेली शेणखत. आमच्याकडे नळाला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण रोज येत नाही, त्यामुळे झाडांना बोअरचं पाणी. शिवाय आरओच्या मशीनमधून जे पाणी वाया जातं, ते बादलीत साठवून मी रोज या कुंडीला घालायचे. पाणी वाया जात नाही याचं समाधान होतं. पण आरओ क्षार वेगळे काढून त्याच पाण्यात सोडतं. म्हणजे बोअरमध्ये असतील त्याहूनही जास्त क्षार मी स्वतःच्या हाताने त्या झाडाला देत होते. त्यात सिमेंटच्या कुंडीतून चुना झिरपत राहतो, तो वेगळाच.

मार्चमध्ये शेंड्याची नवी पानं पिवळी यायला लागली. मी वाकून एक पान उन्हाकडे धरलं. शीर न शीर हिरवी, अगदी बारीक उपशिरासुद्धा, आणि मधली जागा लिंबाच्या सालीसारखी पिवळी. जाळीदार, दिसायला सुंदर म्हणावं असं. खालची जुनी पानं मात्र हिरवीच होती. झाड उपाशी आहे असं वाटून मी युरिया घातला. पंधरा दिवसांनी डीएपी. मोबाईलवर कुणी चहाचा चोथा सांगितला, तोही घातला. सासूबाईंनी चुलीची राख आणून दिली. भाजीच्या वाफ्याला त्या नेहमी घालतात आणि तिथे ती चालतेही. इथे प्रत्येक गोष्टीने झाड आणखी पिवळं होत गेलं. शेवटी नवी पानं जवळजवळ पांढरी यायला लागली आणि त्यांच्या कडा जळाल्या. २२ मे ला, ४३-४४ अंशांच्या उन्हात, ते वाळलं. सासूबाई कुंडीशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, “आते काय करशी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षभर मी अनंताचं नाव काढलं नाही.

उत्तर मिळालं ते लग्नात. मे २०२३ मध्ये सासूबाईंच्या माहेरी, पारोळ्याकडे, एका लग्नाला गेलो होतो. सासूबाईंचे भाऊ, आमचे मामा, यांची लिंबाची बाग आहे. संध्याकाळी ऊन उतरल्यावर बागेत गेले तर कडेच्या चार झाडांची पानं बघून मी जागीच थांबले. तीच जाळी. हिरव्या शिरा, मधे पिवळं. मामांना विचारलं, हे काय आहे? ते म्हणाले, “केवडा.” केवड्याच्या पानासारखा पिवळा रंग येतो म्हणून हे नाव. भुईमुगावर येतो, उसावर येतो, लिंबू-मोसंबीवर येतो. झाडाला लोह मिळत नाही तेव्हा असं होतं. मी म्हटलं, मग माझ्या मातीत लोह नसणार.

मामांनी बांधावरून मूठभर माती उचलली. तिच्यात खसखशीएवढे, कुठे ज्वारीएवढे पांढरे खडे होते. जवळच्याच झाडाचं एक लिंबू तोडून त्यांनी दाताने साल फोडली आणि रस त्या मातीवर पिळला. माती फसफसली. खडे होते तिथे बारीक बुडबुडे उठत राहिले आणि कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू आली. ही चुनखडी. मग मामा जे बोलले ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं : “पोरी, तुनं झाड उपाशी नही. तेनं तोंड बंद शे.”

काळ्या मातीत लोह असतं. पण माती चुन्याची असली की ते लोह मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. वर पाणीही जड असलं, तर रोजच्या रोज आणखी चुना पडत राहतो. अशा वेळी खत कितीही घाला, उपयोग होत नाही. राख म्हणजे तर अल्कच.

जळगावला परतल्यावर मी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्यायचं ठरवलं. घरच्या कुंडीसाठी कुणी असं करत नाही, त्यामुळे कसं करायचं ते जरा सविस्तर सांगते.

५ जून २०२३ ला मी पिशवीत माती भरून प्रयोगशाळेत गेले. तिथल्या बाईंनी हात लावून पाहिलं आणि पिशवी परत दिली. नमुना ओला आहे, सावलीत वाळवून आणा, उन्हात नको. आणि वरवरची माती नको. वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यायची. चार-पाच ठिकाणची अशी माती एकत्र करायची, कागदावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. उरलेली परत मिसळून परत चार भाग. शेवटी अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत भरायची. पाण्यासाठी अर्ध्या-एक लिटरची स्वच्छ बाटली, त्याच पाण्याने तीन वेळा विसळलेली. बोअर आधी दहा मिनिटं चालू ठेवायचा आणि मग भरायची. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, पेनाची शाई ओलीने पसरते.

९ जूनला परत गेले तर ज्यांच्याकडे नमुना द्यायचा ते प्रशिक्षणाला गेलेले. अर्धा दिवस रजा टाकून गेले होते, त्यामुळे वाईट वाटलं. १२ जूनला अखेर नमुना घेतला गेला. अर्जात गट क्रमांक, क्षेत्र, मागील पीक, पुढील पीक असे रकाने होते. माझ्याकडे गट क्रमांक कुठला? मी घराचा पत्ता लिहिला, क्षेत्राच्या जागी ‘घरगुती बाग’ आणि पिकाच्या जागी ‘अनंत (फुलझाड)’. खिडकीतल्या गृहस्थांनी दोनदा वाचलं, ‘इतर’मध्ये नोंद केली आणि पावती दिली. माती सूक्ष्म अन्नद्रव्यांसह आणि पाणी मिळून ३५० रुपये. तुम्ही जाल तेव्हा ‘सूक्ष्म अन्नद्रव्यं’ हे शब्द मुद्दाम सांगा. साध्या तपासणीत नत्र-स्फुरद-पालाश येतं, लोह येत नाही. आपल्याला हवं असतं नेमकं तेच.

अहवाल ४ जुलैला हातात आला, २२ दिवसांनी. मधे दोनदा फोन केला, उचलला गेला नाही. शेवटी समक्ष जाऊनच आणला. मातीचा सामू (म्हणजे पीएच, आम्ल-अल्क मोजायचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) ८.३. मुक्त चुना ९.५ टक्के. उपलब्ध लोह ३.१ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), आणि ४.५ च्या खाली असलं की कमतरता धरतात. पाण्याचा सामू ७.९ आणि बायकार्बोनेट, म्हणजे पाणी अल्क ठेवणारे क्षार, बरेच जास्त. अनंताला माती हवी साडेपाच-सहा सामूची. ते आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि दोन्ही झाडं का गेली ते मला कळलं. खरं सांगते, त्या दिवशी मनावरचं ओझं उतरलं. माझा हात वाईट आहे, माझ्या हाताला झाड लागत नाही, असं मी दोन वर्षं धरून चालले होते.

शिफारशीच्या रकान्यात हेक्टरी फेरस सल्फेट किती टाका ते छापलं होतं. आपल्या जुन्या भाषेत हिराकस. मी ते मातीत टाकलं नाही. मामांनी आधीच सांगितलं होतं की चुनखडीच्या मातीत हिराकस टाकला तर तोही थोड्या दिवसांत तसाच अडकून बसतो. पानांवर फवारला तर तात्पुरता रंग येतो. गंधक घालून सामू उतरवतात, पण साडेनऊ टक्के चुना असलेल्या मातीत ते किती घालणार? म्हणून ठरवलं, आपली माती वापरायचीच नाही.

तिसरं रोप २३ जुलै २०२३, २०० रुपये. या वेळी मुद्दाम बिनकळ्यांचं निवडलं. कळ्या असलेलं रोप जागा बदलली की कळ्या टाकतं आणि आपला जीव उगाच खालीवर होतो. रोपाची पिशवी खालून चाचपून मुळं बाहेर आलेली नाहीत ना ते पाहिलं, पानं उलटी करून पांढरी कीड नाही ना ते पाहिलं. बारा इंची प्लॅस्टिकची कुंडी घेतली, २६० रुपये. मातीची कुंडी दिसायला छान, पण आमच्या उन्हात ती दोन तासांत कोरडी होते.

मिश्रण असं केलं : चार भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग कुजलेला पालापाचोळा, दोन भाग गांडूळखत आणि एक भाग भाताचं तूस. कोकोपीटची वीट (पाच किलोची, २०० रुपये) फुगवून तीन पाण्यांनी धुतली, कारण त्यातही मीठ असतं. पालापाचोळा आमच्याच आंब्याचा, कोपऱ्यात वर्षभर कुजलेला. दहा किलो गांडूळखत १५० रुपये. काळी माती एक मूठही नाही. राख, अंड्याची टरफलं, हाडांचं खत यांतलं काही नाही. हे सगळं इतर झाडांना चांगलं, अनंताला नको.

राहिलं पाणी, आणि खरी कसोटी तीच होती.

पावसाचं पाणी या झाडाला अमृत आहे. मागच्या पडवीचा पत्रा आहे, त्याच्या पन्हाळीखाली मी बादल्या ठेवायला लागले. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने जी ओढ दिली ती सगळ्यांना आठवत असेल. पंधरवड्यात बादल्या संपल्या. मी पुन्हा बोअरचं पाणी घातलं, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेंड्याच्या पानांवर पुन्हा तीच पिवळी जाळी. त्या सकाळी मी कुंडीजवळ बसूनच राहिले.

मग कृषी सेवा केंद्रात गेले. केळीमुळे आपल्याकडे ठिबकची आणि पाण्यात विरघळणारी खतं गावोगाव मिळतात, हे आपलं भाग्य. ‘चिलेटेड लोह’ मागितलं, ११० रुपयांचा पुडा मिळाला. दोनदा दिला, काडीचा फरक पडला नाही. पुड्यावरची बारीक अक्षरं नीट वाचायला हवी होती. ते ईडीटीए प्रकारचं होतं. चिलेट म्हणजे लोहाला धरून ठेवणारं आवरण, आणि ईडीटीएची पकड सामू साडेसहाच्या वर गेला की सुटते. आपल्याकडच्या पाण्यात टिकतं ते ईडीडीएचए. ते सगळीकडे नसतं. दुकानदारांनी मागवून दिलं, नऊ दिवस लागले, पाव किलो ३४० रुपये. लालसर तपकिरी भुकटी, पाण्यात टाकली की पाणी रक्तासारखं लाल होतं. हात आणि फरशी दोन्ही रंगतात, जुने कपडे घालूनच वापरा. लिटरला एक ग्रॅम, म्हणजे सपाट पाव चमचा, संध्याकाळी मुळाशी. फवारायचं नाही. ८ ऑक्टोबरला पहिल्यांदा दिलं. २१ ऑक्टोबरला जी पालवी फुटली ती हिरवी होती. पूर्ण हिरवी. मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं. जी पानं आधी पिवळी झाली होती ती पुरती सुधारली नाहीत, पण नवी पानं बघून मला खात्री पटली. आता महिन्यातून एकदा देते, पावसाळ्यात दोन महिन्यांतून.

पावसाचं पाणी संपल्यावर काय करायचं, तर बोअरच्या पाण्यात सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं, ४० रुपयांत पुष्कळ दिवस पुरतं. सामू बघायच्या कागदी पट्ट्या १५० रुपयांना आणल्या. माझ्या पाण्याला दहा लिटरच्या बादलीत साधारण तीन ग्रॅम घातलं की पट्टी सहाचा रंग दाखवते. तुमचं पाणी वेगळं असेल तर थोडं थोडं घालून पट्टीवर बघत जा, अंदाजाने ओतू नका. आणि महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून भरपूर पाणी वाहून जाईल असं धुऊन काढा, म्हणजे साचलेले क्षार निघून जातात. हे पावसाच्या पाण्याने केलं तर उत्तम.

एसीचं पाणीही चालतं, ते जवळजवळ क्षाररहित असतं. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच कोरडी, बादलीचा तळ जेमतेम झाकतो. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र कधीही घालू नका. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. कूलरच्या गवतावर जो पांढरा थर बसतो तो आठवा.

२०२३ ची थंडी झाडाला मानवली. खानदेशातल्या उन्हाळ्याची सगळे चर्चा करतात, पण आपल्याकडे जानेवारीत रात्री आठ-दहा अंशांपर्यंत उतरतात आणि अनंताला कळी धरायला अशाच गार रात्री लागतात. १४ फेब्रुवारी २०२४ ला शेंड्यांवर टोकदार हिरव्या कळ्या मोजल्या : चौदा.

त्यातल्या अकरा एप्रिलमध्ये गळाल्या. रोज सकाळी कुंडीत एक-दोन पडलेल्या दिसायच्या, बाहेरून हिरव्या, आतून तपकिरी. रात्रीसुद्धा हवा तापलेली राहायला लागली की झाड कळ्या सोडून देतं. शिवाय एक दिवस मी बाहेरगावी होते आणि कुंडी कोरडी पडली, त्याचाही हिशेब त्यात आहे. मग पूर्वेच्या भिंतीशी चार बांबू रोवून पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधली, सगळं मिळून ४०० रुपये. सकाळी नऊपर्यंतचं ऊन मिळतं, पुढे सावली. कुंडी एका रुंद घमेल्यात विटांवर ठेवली आणि घमेल्यात पाणी, म्हणजे आजूबाजूला थोडा गारवा राहतो. विटा यासाठी की कुंडीचा तळ पाण्यात बुडायला नको. पारा ४५ च्या आसपास होता तेव्हा दिवसातून दोनदा पाणी दिलं, सकाळी सहाला आणि सूर्य मावळल्यावर. भर दुपारी पानं मलूल दिसली तरी हात लावायचा नाही, संध्याकाळपर्यंत ती आपोआप सावरतात. कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड येते, त्यासाठी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा.

जूनच्या पावसाआधी प्रत्येकी ६५० रुपयांचे दोनशे लिटरचे दोन ड्रम घेतले. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्या, पत्र्यावरची धूळ त्यात असते. तोंडाला दुहेरी कापड घट्ट बांधा, नाहीतर डास होतात. ड्रम सावलीत ठेवला तर शेवाळ धरत नाही.

आणि २७ जून २०२४.

आदल्या दिवशी संध्याकाळी कळीची पीळ सैल झालेली दिसली होती. अनंताची कळी गुंडाळलेली असते, छत्री मिटून पिळावी तशी, आणि त्या पिळाच्या कडेने हिरवट पांढऱ्या रेघा वर चढतात. सकाळी साडेपाचला दार उघडलं आणि फूल दिसायच्या आधी वास आला. पाकळ्या जाड, मेणासारख्या, वर दव. मी एका पाकळीला बोट लावलं आणि दुपारपर्यंत तिथे तपकिरी डाग उमटला. तेव्हापासून देठालाच धरते. दुसऱ्या दिवशी फूल सायीच्या रंगाचं झालं, तिसऱ्या दिवशी लोण्यासारखं पिवळं, आणि वास शेवटपर्यंत. सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, “कसा वास ई ऱ्हायना.” मग त्यांनी स्वयंपाकघरातून त्यांची जुनी डबी आणली आणि तिच्यातला डिकेमालीचा खडा मला हुंगायला दिला. लहान मुलांच्या पोटदुखीवर त्या उगाळून देत असत. तो उग्र वासाचा डिंक ज्या झाडाचा, ते अनंताच्याच कुळातलं आहे, गार्डेनियाच, आणि आपल्या सातपुड्याच्या कोरड्या जंगलात आपोआप वाढतं. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला. त्याचे नातेवाईक इथलेच आहेत.

त्या मोसमात एकूण नऊ फुलं आली.

पुढचं थोडक्यात. सप्टेंबर २०२४ मध्ये पिठ्या ढेकूण आला, पानांच्या बेचक्यात कापसासारखा. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून एकेक पुसला, मग दर आठ दिवसांनी संध्याकाळी निंबोळी अर्क फवारला, तीन वेळा. पानांवर काळी काजळी आली होती ती ओल्या फडक्याने पुसली, खालची कीड गेल्यावर ती परत आली नाही. फुलं संपल्याबरोबर शेंडे छाटले. ऑक्टोबरनंतर छाटू नका, पुढच्या कळ्या जाव्यात एवढं नुकसान होतं. त्या महिन्यात अनंतावर झालेल्या सगळ्या खर्चाची बेरीज केली : मेलेली रोपं धरून ३,८०० रुपये. त्यातले १,३०० ड्रमचे, आणि ते ड्रम आता मोगऱ्यालाही उपयोगी पडतात.

या वर्षी फेब्रुवारीत एकतीस कळ्या होत्या, आणि एप्रिल-मेत सातच गळाल्या.

मागच्या जुलैत सहा छाट कलमं लावली होती. पेन्सिलीएवढी नाही, तिच्याहून बारीक, चार-पाच इंचांची, अर्धवट पिकलेल्या फांदीची. खालची पानं काढून ओल्या कोकोपीटमध्ये, वर पाण्याची कापलेली बाटली उपडी. सात आठवड्यांनी दोन कलमांना मुळं फुटली, चार कुजली. त्यातलं एक परवा पारोळ्याला मामांकडे पाठवलं. भाचा एसटीने निघाला होता. त्याच्याजवळ रोप दिलं, ईडीडीएचएची छोटी पुडी दिली आणि पावसाच्या पाण्याचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन दिले. मामांचा रात्री फोन आला. पाणी कशाला पाठवलंस, आमच्याकडे विहीर नाही का, असं विचारत होते. मी म्हटलं, मामा, विहिरीचं लिंबाला घाला, याला हे संपेपर्यंत हेच घाला, तोवर पाऊस येईल. ते जरा थांबले आणि म्हणाले, पत्र्याखाली उद्याच पिंप लावतो.